पांगाऱ्याचा ओंडका

खूप जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही ती जुनीच वाटली असती.

एका गावाची घरं नदीच्या अलीकडे आणि मळे पलीकडे. माणसं सकाळी पोहत मळ्यात जायची, संध्याकाळी पोहत घरी यायची. पोरंसोरंही आईबापांबरोबर निघायची. एकटी मैना तेवढी दिवसभर अलीकडच्या काठावर बसून पलीकडच्या आईकडे बघत राहायची.

तिला पोहता येत नव्हतं. शिकवायला गेले होते हो तिचे मामा! "पाण्यात पडली की आपोआप शिकेल," म्हणाले आणि दिली ढकलून. पोरगी गटांगळ्या खाऊ लागली. मामांनीच तिला बाहेर काढलं आणि वर म्हणाले, "ही तर धोंडा आहे!" झालं! सगळं गाव तिला धोंडा म्हणू लागलं, आणि हळूहळू तिलाही ते पटलं.

एक दिवस गावातले म्हातारे कोंडाजी आबा तिच्या शेजारी येऊन बसले.

"मैनाबाई, पाय तरी भिजवता का?"

"आबा, मी धोंडा आहे."

"असशील बाई. पण धोंडासुद्धा पाण्यात भिजतोच की!"

मैनाला हसू आलं आणि तिने पाय बुडवले. दुसऱ्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात उतरली, मग कमरेइतक्या. मग आबांनी तिच्या पाठीला पांगाऱ्याचा जाडजूड ओंडका बांधला. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, बुडायचं नावच घेत नाही. मैना चक्क तरंगली! रोज थोडे थोडे हातपाय मारू लागली.

बरेच दिवस गेले. एकदा ओंडका बांधून घेताना मैनाला तो फारच बारीक वाटला.

"आबा, उंदीर कुरतडतात की काय हो याला?"

"आहे एक म्हातारा उंदीर," म्हणत आबांनी कोयता पाठीमागे लपवला. पण तिने तो पाहिलाच.

"तुम्ही रोज तासत होतात? आणि मी बुडाले असते म्हणजे?" मैना चिडून म्हणाली.

"मी हाताच्या अंतरावर होतो की, पोरी. तुला जेवढं झेपू लागलं, तेवढंच मी तासलं. कणभरही जास्त नाही."

मैनाने ओंडक्याकडे नीट पाहिलं. तळहाताएवढी फळी उरली होती. तिच्यावर मांजराचं पिल्लूही तरलं नसतं. म्हणजे इतके दिवस आपणच पोहत होतो! तिने स्वतःच दोरी सोडली.

"आबा, आईकडे जाऊ या. तुम्ही फक्त मागून या."

पलीकडे आई खुरपत होती. मान वर करून बघते, तर लेक समोर ओलीचिंब उभी! तिने खुरपं टाकलं आणि पोरीला पोटाशी धरलं. मग रडत रडत आबांच्या पाया पडली. "आबा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"ते राहू दे गं. आधी भाकरी वाढ," आबा धापा टाकत म्हणाले. "उंदराला भूक लागलीय."

पुढे आबा गेले. मैना मोठी झाली आणि गावातल्या पोरांना पोहायला शिकवू लागली. मामांनीही आपला नातू गुपचूप तिच्याकडेच पाठवला. प्रत्येक पोराच्या ओंडक्याची पहिली ढलपी काढताना ती आबांची आठवण काढून हात जोडायची.

तात्पर्य : आधार देणाऱ्याचे उपकार मोठेच, पण आपल्याला झेपेल तसतसा तो आधार काढून घेणाऱ्याचे त्याहून मोठे.