पुठ्ठ्याच्या विमानातलं जोडपं

एका बाजारपेठेच्या गावात श्रीरंग नावाचा एक फोटोग्राफर राहत होता. त्याच्या स्टुडिओत ढगांचा पडदा होता, लाकडी चंद्रकोर होती आणि दिव्यांचा उजेड असा मऊ, की आत बसलेल्या माणसाला आपण स्वप्नातच आहोत असं वाटावं. उरलंसुरलं काम कॉम्प्युटरवर होई. श्रीरंगने माउस फिरवला की सुरकुत्या गायब! "माझ्या स्टुडिओतून म्हातारं कुणी बाहेर पडत नाही," असं तो छाती फुगवून सांगे. लोकही खूश. खोटं कौतुक कुणाला कडू लागतं?

एक दिवस हौसाबाई नावाच्या आजी आल्या. रुमालात जपून गुंडाळलेला एक जुना फोटो त्यांनी पुढे केला. जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या विमानात एक तरुण बसला होता.

"हे आमचे धनी," आजी म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तापानं गेले. हा फोटो काढला तेव्हा शेजारी बसायची मला लाज वाटली बघ. आमचा जोडीनं एकही फोटो नाही. आता बसव मला तिथं."

श्रीरंगने आजींना ढगांपुढे बसवून फोटो काढला. मग रंगात येऊन त्याने आजींना पार नवी नवरी करून टाकलं. आजींनी फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"ही कुठली बया बसवलीस रे माझ्या धन्याशेजारी?"

"आजी, तुम्हीच आहात की! आहात तसं बसवलं तर लोक म्हणतील, आजीशेजारी हा नातू कुणाचा?"

"मग त्यांना म्हातारं कर! मी एकटीच म्हातारी झाले रे. मला त्यांच्यासंगं म्हातारं व्हायचंय."

श्रीरंग पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. सुरकुत्या पुसणं त्याला येत होतं, आणायच्या कुठून? दुसऱ्या कुणाच्या तरी सुरकुत्या उचलून चिकटवणं सोपं होतं. त्याचा हात तिकडे गेलाही. पण आजींकडे पाहून त्याचं मन होईना. त्याने स्टूल जवळ ओढलं.

"आजी, आजोबा हसायचे कसे?"

"डोळे बारीक करून. सगळं तोंड हसायचं त्यांचं."

"आणि रागावले की?"

"नुसती भुवई चढायची. मला हसू फुटायचं, मग तेबी हसायचे."

श्रीरंगने डोळ्यांच्या कडेला हसण्याच्या रेघा काढल्या. भुवईवर लटक्या रागाची एक आठी घातली. शेतातलं ऊन कपाळावर उतरवलं. आजी बोलत राहिल्या, आणि आजोबांना न मिळालेली वर्षं कॉम्प्युटरच्या पडद्यावर हळूहळू उमटत गेली. मग त्याने आजींचा फोटो पुन्हा काढला. या वेळी दिवा बाजूला ठेवला आणि एकही सुरकुती लपवली नाही.

ढगांतून विमान चाललं होतं. आत दोन म्हातारी माणसं बसली होती. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग डोक्यावरचा पदर सावरून चक्क लाजल्या, आणि भरल्या डोळ्यांनी हसून म्हणाल्या, "अगं बाई! पिकलात की हो तुम्हीबी!"

तात्पर्य: माया असेल तिथे सुरकुत्याही हव्याशा वाटतात, म्हणून कुणाचा चेहरा सजवण्याआधी त्याचं मन विचारावं.