केरबाची कणगी

कोरडेवाडीत केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हे गाव म्हणायचं. त्याची बायको अनुसयाबाई दुसरा शब्द वापरायची, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

केरबा आळशी नव्हता, खोटारडा नव्हता, उलट उत्तरही करायचा नाही. सांगितलेलं काम मन लावून करायचा. आणि एकदा सांगितलेली गोष्ट तो जन्मात विसरायचा नाही. सगळा घोटाळा होता तो तिथेच.

अनुसयाबाई गावातल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्षीण. गट कडक भाकऱ्या करायचा. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत ठेवायची. महिनाभर टिकते. पण तेवढा वेळ गॅस जाळायचा म्हणजे जीव वरखाली व्हायचा. सिलेंडरचं नाव काढलं तरी अनुसयाबाईचा आवाज चढायचा. शिवाय मे महिना. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत शेगडीपुढे तेरा बायका. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या दोघी चक्कर येऊन पडल्या होत्या.

म्हणून एका संस्थेने गटाला उन्हावर चालणारं वाळवणी यंत्र दिलं. दिलं म्हणजे, आठ दिवस वापरून बघायला दिलं. लोखंडी पेटी, वर जाड काच, आत जाळ्या. आठ दिवसांनी संस्थेच्या मॅडम येणार, घरच्या माणसांना महागाई, तंत्रज्ञान, वीज आणि हवामान यांवर मत विचारणार, आणि कागदावर शेरा लिहिणार. शेरा चांगला पडला तर यंत्र कायमचं गावात. नाही तर दुसऱ्या गावाला. अनुसयाबाईचा त्या यंत्रावर जीव जडला होता. रात्री झोपायच्या आधी ती त्याच्या काचेवरून एकदा पदर फिरवायची.

यंत्र ठेवलं होतं केरबाच्या अंगणात, कारण गावात सगळ्यात जास्त ऊन तिथे पडायचं. बायका भाकऱ्या भाजायच्या समाजमंदिरात. म्हणजे दिवसभर यंत्राजवळ उरायचा तो केरबा.

पहिल्याच दिवशी अनुसयाबाईने शेगडीवर दूध ठेवलं, माशा बसू नयेत म्हणून वर ताटली झाकली, आणि जाता जाता म्हणाली, "आवं, दुधाकडं लक्ष ठेवा."

केरबाने लक्ष ठेवलं. पाटावर मांडी घालून बसला आणि डोळ्याची पापणी लवू दिली नाही. ताटली थरथरली, ते पाहिलं. दूध वर आलं, ते पाहिलं. उतू गेलं, शेगडी विझली, दूध ओट्यावरून खाली आलं आणि न्हाणीकडे निघालं, तेही पाहिलं.

अनुसयाबाई परत आली. तिने कपाळावर हात मारला.

"लक्ष ठेवायला सांगितलं हुतं ना?"

"ठेवलं की. शेवटचा थेंब न्हाणीत गेलेला बी बघितला."

"आवं, नुसतं बघायचं न्हवं! वाफ कोंडली की झाकण उघडायचं, वारं लागू द्यायचं!"

"एवढंच ना? आता पुढच्या बारीला बघ."

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईने साठ भाकऱ्या यंत्रात लावल्या आणि गेली. ऊन चढलं. काचेवर आतून दव जमलं. केरबाने वाकून बघितलं. वाफ कोंडली होती! त्याने झटकन काच उघडली आणि वारं लागू दिलं. वाऱ्याबरोबर शेजारच्या भामाबाईच्या चार शेळ्याही आल्या. केरबाने त्यांना हटकलं नाही. शेळ्यांबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जाळ्या चाटूनपुसून लखलखीत होत्या.  अनुसयाबाईचा आवाज चार घरांना ऐकू गेला.

"आवं, झाकून ठेवायचं! जवळ काठी घिऊन बसायचं! कुणालाबी तोंड लावू द्यायचं न्हाई!"

"एवढंच ना? आता पुढच्या बारीला बघ."

कोरडेवाडीत वीज असली तर असायची. म्हणून केरबाच्या घरावर सौर प्लेट बसवली होती, तिच्यावर रात्री एक दिवा आणि एक पंखा चालायचा. त्या आठवड्यात गावात वानरं उतरली होती. अनुसयाबाई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज जरा वरच्या प्लेटीची काळजी घ्या."

केरबा सकाळी सातलाच माळवदावर चढला. दोन गोधड्या नेल्या, प्लेट नीट झाकली, चारी कडा दगडांनी दाबल्या, आणि काठी घेऊन शेजारी बसला. वानर एकही आलं नाही. ऊन मात्र आलं. गोधडीच्या एका भोकातून आत शिरू पाहत होतं. केरबाने तिथे आपली टोपी ठेवली. डोकं भाजून निघालं, पण माणूस हलला नाही. अशी निष्ठा देवळातल्या पुजाऱ्यातही सापडायची नाही.

रात्री दिवा लागेना. पंखा फिरेना. घरात भट्टी पेटलेली. अनुसयाबाई सुपाने वारा घेत म्हणाली, "प्लेट बिघडली का काय?"

"छ्या! दिवसभर राखली. सूर्यालासुदीक तोंड लावू दिलं न्हाई."

सूप थांबलं. अनुसयाबाईने ते अंधारातच बाजूला ठेवलं. मग दमलेल्या आवाजात म्हणाली, "आवं, ती ऊन खाऊनच भरती. जे भरायचं असतंय ते उन्हात ठेवावं. उघडं. तोंड वर करून."

"एवढंच ना? आता पुढच्या बारीला बघ."

मधले दोन दिवस बरे गेले, कारण अनुसयाबाई कामाला गेलीच नाही. ती यंत्रापाशी बसली, भाकऱ्या सुरेख वाळल्या, आणि तिला वाटलं, निभावलं. सहाव्या दिवशी गटाचं काम खोळंबलं म्हणून जावं लागलं.

"फोन उतरलाय," ती म्हणाली, "भरून ठेवा. म्याडम कधी येणार ते फोनवर सांगणार हायेत. पावसापाण्याचा निरोपबी त्यातच येतोय."

केरबाने फोन घेतला. गोठ्याच्या पत्र्यावर ठेवला. उघडा. तोंड वर करून. दोन तास भरला. अनुसयाबाई जेवायला आली आणि तिने फोन उचलला तो चटका बसून परत टाकला.

"आवं, इस्तू झालाय हा! गार करायचा का न्हाई?"

हे सांगणं नवीन होतं आणि अगदी वेळेवर आलं होतं. केरबाने फडक्यात फोन धरला आणि रांजणात सोडला. बुडबुडे आले. तो समाधानाने म्हणाला, "झाला गार."

अनुसयाबाई रांजणाच्या कडेला डोकं टेकून बसली. हसावं की रडावं हेच तिला कळेना. भामाबाई धावत आली. तिच्या लेकाचा फोन एकदा असाच विहिरीत पडला होता, त्यामुळे तिला उपाय ठाऊक होता.

"तांदळात पुर गं. तांदूळ ओल वडतोय."

"एवढा तांदूळ कुठला? महाग का स्वस्त! ज्वारीची कणगी हाय अर्धी." अनुसयाबाई केरबाकडे वळली. "ऐका. भिजलेली वस्तू दाण्यात पुरायची. ज्वारी सगळी ओल ओढून घेती. दोन दिवस तिला हात लावायचा न्हाई. कळलं?"

कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, छातीएवढी उंच धान्याची कोठी. केरबाने फोन तिच्यात कोपरापर्यंत हात घालून पुरला. दोन दिवस हात लावायचा नाही, हे त्याने बोटांवर मोजून पक्कं केलं.

फोन ज्वारीत असल्यामुळे दोन निरोप कोरडेवाडीला पोचलेच नाहीत. एक म्हणजे मॅडम उद्याच, एक दिवस आधी येणार आहेत. दुसरा म्हणजे उद्या दुपारी वादळ आणि गारपीट.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई शेजारच्या वस्तीवर निघाली, गटाच्या सचिव बाईंच्या फोनवरून मॅडमना विचारायला. दारातून मागे वळून तिने बजावलं, "यंत्राला हात लावू नका. कुणी आलं तर गोड बोला."

दुपारी तीनला आभाळ काळं झालं. वारा सुटला, पत्रे वाजायला लागले. त्याच वेळी मॅडमचा टेम्पो पारापाशी थांबला. पुढे बोळ अरुंद. चालक टेम्पोतच बसला आणि पालेकर मॅडम छत्री घेऊन पायी निघाल्या. छत्री पहिल्या झटक्याला उडाली. मग लिंबाएवढ्या गारा सुरू झाल्या. केरबाच्या दारात पोचेपर्यंत मॅडमच्या अंगावर कोरडा धागा उरला नव्हता. कागद तेवढे प्लास्टिकच्या पिशवीत होते.

केरबाने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. वस्तू भिजली होती.

"या म्याडम," तो गोड बोलला. "हितं पाय ठेवा. आता आत उतरा."

"कशात?"

"कणगीत. ज्वारी ओल वडती."

पालेकर मॅडम नोकरीत नव्या होत्या. प्रशिक्षणात त्यांना एक गोष्ट दहादा सांगितली होती: गावकऱ्यांचं पारंपरिक शहाणपण मान देऊन ऐका, वाद घालू नका. बाहेर गारा, आत हा शांत माणूस, चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नाही. गारपिटीत इथे असंच करत असतील, मॅडमना वाटलं. त्या लाकडी पिढ्यावर चढल्या आणि कणगीत उतरून बसल्या. केरबाने सुपाने ज्वारी ओढत त्यांना गळ्यापर्यंत पुरलं. डोकं आणि दोन हात बाहेर ठेवले, कारण मॅडमना प्रश्न विचारायचे होते आणि उत्तरं लिहायची होती.

"आता सुरू करा," केरबा म्हणाला आणि समोर पाटावर बसला.

मॅडमने कागद डोळ्यांपुढे धरला. "महागाईबद्दल तुमचं मत काय?"

"नुसतं बघत बसलं की वाढत जाती. झाकण उघडाया पायजे."

मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी लिहून घेतलं.

"तंत्रज्ञान?"

"तुमच्या पायाखालीच हाय."

"वा! आणि ऊर्जा?"

"गोधडी घातली तर मिळत न्हाई. उघड्यावर असती, पण माणसं राखण करत बसत्यात."

मॅडमची लेखणी थांबेना. इतकं नेमकं तर त्यांचे वरिष्ठही बोलत नसत. "आणि हे अवकाळी, ही गारपीट, हा उन्हाळा? याबद्दल काय वाटतं?"

केरबाने विचार केला. "पत्र्यावर ठिऊ नये. रांजणातबी टाकू नये."

हे मॅडमना नीटसं कळलं नाही, पण खोल असावं म्हणून त्यांनी त्याखाली रेघ मारली.

अर्ध्या तासाने गारा थांबल्या आणि कडक ऊन पडलं. ज्वारीची ऊब लागून मॅडमची ओढणी बरीच सुकली होती. "आता निघू का मी?"

"परवा," केरबा म्हणाला.

"नको हो, किती आग्रह करता!" मॅडम हसल्या आणि बाहेर चढल्या. केरबाला त्यांना अडवायचं होतं फार, पण दोन दिवस हात लावायचा नव्हता.

मॅडमने कानातली ज्वारी झटकली, ओढणी पुन्हा चाचपून पाहिली आणि पाटावर बसून शेरा लिहिला. मग मोठ्याने वाचून दाखवला: "या गावात वाळवणाची स्वतःची जुनी पद्धत आहे. तिला गॅस लागत नाही, वीज लागत नाही, ऊनही लागत नाही. गारपिटीतही ती चालते. मी स्वतः अनुभव घेतला. तरी येथील यंत्र गरजू गावाला द्यावे." त्यांनी मान वर केली. "बरोबर आहे ना, दादा?"

केरबाने एकेक वाक्य मनात तपासलं. गॅस लागला नव्हता. वीज लागली नव्हती. ऊन नव्हतंच. सगळं खरं होतं.

"बरोबर," तो म्हणाला, आणि खाली वळणदार सही केली.

चालक आला. त्याने आणि मॅडमने यंत्र उचलून पारापर्यंत नेलं. केरबा जवळ उभा होता, पण त्याने यंत्राला बोटसुद्धा लावलं नाही. बायकोने बजावलं होतं.

थोड्याच वेळात अनुसयाबाई धापा टाकत आली. पावसात भिजून चिंब, चप्पल हातात. मॅडम आजच निघाल्यात हे तिला वस्तीवर कळलं होतं आणि ती गारांतून तशीच पळत सुटली होती.

"म्याडम आल्या?"

"आल्या. गेल्याबी. लई खूश हुत्या."

तिचा चेहरा उजळला. "खरंच? शेरा चांगला लिवला?"

"एक नंबर. मोठ्यानं वाचूनबी दाखवला."

अनुसयाबाई देवाला हात जोडणार, तेवढ्यात तिची नजर अंगणात गेली. तिथे चौकोनी कोरडी जागा होती आणि तिच्याभोवती गारा वितळत होत्या.

"यंत्र कुठाय?"

"नेलं. आपल्याला गरज न्हाई ना. म्या सही केली." केरबाने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि त्याला काळजी वाटली. तिच्या पदरातून पाणी ठिबकत होतं. त्याने कणगीपाशी सूप नेऊन ठेवलं. "पण ते मागनं बोलू. भिजलीस की गं. चल, उतर आत."

अनुसयाबाईने सूप हातात घेतलं. तिने दाराला आतून कडी घातली. पुढे कणगीत कोण उतरलं, हे भामाबाईलाही कळलं नाही. केरबा मात्र दोन दिवस गावात कोणाला दिसला नाही.