काटा अर्ध्यावर होता

"गेज शून्यावर आहे, उस्ताद. नळी काढली. हवेच्या कॉकला माझं कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आता आणखी काय राहिलं?"

सुयोग भोइटे हे विचारत होता तेव्हा त्याच्या उजव्या हातात पान्हा होता. डाव्या हाताचं बोट ढोलाखालच्या फटीत होतं.

बाबालाल उस्ताद खाली उलट्या बादलीवर बसले होते. तोंडात कडुलिंबाची काडी.

"बोट काढ," ते म्हणाले.

सुयोगने बोट काढलं. तोंड वाकडं केलं.

मी वेल्डर. शेजारच्या पाइपवर माझं काम चाललं होतं. काच वर केली आणि बघत बसलो.

साखर कारखान्याची अर्कशाळा. हंगाम संपलेला. बॉयलर थंड, वाफेच्या लाईनी रिकाम्या. वर्षातून एकदा सगळे व्हॉल्व्ह उतरवून साफ करायचे, ते दिवस.

व्हॉल्व्हच्या डोक्यावर लोखंडी नळकांडं बसवलेलं असतं. कागदावर त्याचं नाव अ‍ॅक्चुएटर. आम्ही ढोल म्हणतो. एका अंगाने हवा ढकलते, व्हॉल्व्ह उघडतो. हवा गेली की आतली स्प्रिंग त्याला मिटवते. वीज जावो, हवा जावो, माणूस पळून जावो, वाफ बंद होते. ढोलाचं काम एवढंच.

या ढोलांसाठी एक वही होती. त्या वहीत उस्तादांची सही झाल्याशिवाय कोणी एकट्याने ढोलाला हात लावायचा नाही. हा नियम साहेबांनी केलेला नाही. उस्तादांनी केला, साहेबांनी मानला.

उस्ताद शाळेत गेले नव्हते. सही तेवढी शिकले होते. ती कुठेही करत नसत.

सुयोग डिप्लोमाला पहिला आलेला. दोन वर्षं उस्तादांच्या हाताखाली. वहीत अजून सही नव्हती. महिनाअखेर उस्ताद घरी बसणार होते.

सुयोग हलगी वाजवायचा. गावात त्याचं नाव होतं. रोज जेवण झालं की उस्ताद आपला रिकामा डबा पुसून त्याच्यापुढे पालथा ठेवायचे. सुयोग त्यावर बोटं चालवायचा. उस्ताद डोळे मिटून ऐकायचे. आम्हीही ऐकायचो.

आठ दिवसांमागे सुयोगने सही मागितली. उस्ताद म्हणाले, "अजून नाही."

त्या दिवसापासून डबा वाजला नव्हता. उस्ताद डबा पुसायचे, पालथा ठेवायचे. सुयोग उठून नळावर हात धुवायला जायचा.

उस्ताद मग डबा पिशवीत भरायचे...

"बोट काढलं," सुयोग म्हणाला. "आता सांगा."

"काय सांगू?"

"चूक काय झाली ते."

"मी कुठं म्हटलं चूक झाली?"

"मग चार बोल्ट काढतो. ढोल उतरवतो."

"उतरव की."

सुयोगने पान्हा बोल्टला लावला.

"थांब," उस्ताद म्हणाले.

सुयोगने पान्हा खाली घेतला. त्याचा चेहरा तापला होता.

"उस्ताद, स्पष्ट बोलू?"

"तू कधी अस्पष्ट बोललायस?"

"तुम्हाला सही करायचीच नाही. तुमच्यामागे हा ढोल कोणाच्या हाती जाऊ नये, असं वाटतं तुम्हाला."

उस्तादांनी काडी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"असंल," ते म्हणाले.

"माझ्या मागून आलेला पोरगा दुसऱ्या कारखान्यात हेड फिटर झाला."

"हुशार असंल."

"माझ्या निम्म्यानं नाही."

"मग तू तिकडं का नाहीस?"

सुयोगने वरच्या खिशावर हात ठेवला. "कागद लिहून आणलाय. आज सही झाली नाही तर संध्याकाळी साहेबांकडे देतो. उद्यापासून येत नाही."

उस्तादांनी त्या खिशाकडे पाहिलं.

मला वाटलं, उठून जातील. म्हातारा मानी होता. अशा बोलण्यावर त्यांनी एकाला चार वर्षं ओळख दाखवली नव्हती.

...

"लेका," ते म्हणाले, "गेज वाचलंस. बरं केलंस. काटा कुठं हाय?"

ढोलाच्या माथ्यावर पिवळा काटा असतो. व्हॉल्व्ह उघडा की मिटलेला, ते त्यावर कळतं.

सुयोगने मान वर केली.

"अर्ध्यावर."

"हवा हाय?"

"नाही म्हटलं ना. शून्य."

"हवा नसली की काटा कुठं पायजे?"

"मिटलेल्यावर."

"मग?"

"व्हॉल्व्ह अडकलाय, उस्ताद. मळ बसलाय आत. अडकलाय म्हणून तर उतरवतोय."

"व्हॉल्व्ह अडकलाय," उस्ताद म्हणाले. "आन् स्प्रिंग?"

"स्प्रिंगचं काय?"

"तिला कोणी सांगितलं का, की व्हॉल्व्ह अडकलाय म्हणून?"

सुयोग हसला. मीही हसलो. उस्ताद हसले नाहीत.

ते बादलीवरून उठले. गुडघे वाजले. तोंडातली काडी काढली, सदऱ्याला पुसली. ढोलाजवळ गेले. जिथे सुयोगचं बोट होतं, व्हॉल्व्हचा दांडा फिरतो त्याच फटीत त्यांनी काडी खोवली.

काडी बोटाएवढीच जाड होती.

मग त्यांनी सुयोगसमोर तळहात धरला.

"काय?"

"कुलूप उघड."

"कशाला?"

"ढोलात हवा सोडायचीय."

सुयोग बघतच राहिला. "उस्ताद, तुम्हीच शिकवलंत. काम चालू असताना हवा सोडायची नाही. कोणी सांगितलं तरी नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही."

"होय."

"मग?"

"कुलूप तुझं हाय. माझ्यानं उघडायचं नाही. साहेबानंही नाही." तळहात मागे घेतला. "तू सांग, उघडायचं का नाही ते."

उस्ताद पुन्हा बादलीवर जाऊन बसले.

सुयोग उभा राहिला. ढोलाकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. फटीतल्या काडीकडे पाहिलं.

मी काही बोलणार होतो. उस्तादांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. 

...

सुयोग म्हणाला, "हवा सोडली तर स्प्रिंगचा भार हवा घेईल."

उस्ताद गप्प.

"मग व्हॉल्व्हवर भार राहणार नाही. पुढेमागे हलवून तो मोकळा करता येईल."

उस्ताद गप्प.

"पण मग आता हा सगळा भार या चार बोल्टांवर..."

तो थांबला. हातातल्या पान्ह्याकडे पाहिलं. पान्हा हळूच खाली ठेवला, आवाज न करता. झोपलेल्या जनावराजवळ माणूस ठेवतो तसा.

"तुम्ही दोघं लांब व्हा," तो म्हणाला.

ते ऐकून उस्ताद लगेच उठले. बादली घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांना लांब हो म्हणणारा हा पहिलाच.

सुयोगने सगळी हत्यारं उचलली. ढोलाभोवतीची जागा मोकळी केली. खिशातून किल्ली काढली, आपलं कुलूप आपल्या हाताने उघडलं. नळी लावली. हवेचा दाब वाढवायची चकती लांब भिंतीवर होती. तिथे उभं राहून तो ती केसाकेसाने फिरवू लागला.

एक किलो. दोन. पिवळा काटा हलला नाही.

साडेतीन किलोला काटा थरथरला. उघड्याच्या बाजूला बोटभर सरकला.

सुयोगने हवा उतरवली. काटा परत आला, अर्ध्यावर येऊन थांबला.

पुन्हा हवा. पुन्हा उतरवली. पुन्हा अर्ध्यावर.

"हट्टी हाय," उस्ताद माझ्या कानाशी म्हणाले.

"व्हॉल्व्ह?" मी विचारलं.

ते सुयोगकडे बघत होते.

सहाव्या वेळी काटा थोडा पुढे आला. सातव्या वेळी आणखी थोडा.

आठव्या वेळी सुयोग हवा उतरवत होता आणि आतला मळ एकदम सुटला.

धाड्.

पाइप हादरला. माझ्या पायाखालची लोखंडी जाळी हादरली. काटा मिटलेल्यावर जाऊन बसला होता. कधी गेला ते कोणाला दिसलं नाही.

अर्धी काडी खाली जाळीवर पडली होती.

कोणी हललं नाही.

मग सुयोगने हवा पूर्ण काढली. गेज पाहिलं. काटा पाहिला. नळी काढली. कॉकला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मगच ढोलाजवळ गेला. वाकून काडी उचलली.

चांगल्या विळीने कापावी तशी तुटली होती. तुटल्या जागी रस आला होता.

त्याने ती डाव्या हाताच्या तर्जनीशेजारी धरली.

"मी बोल्ट ढिले केले असते," तो म्हणाला, "तर व्हॉल्व्ह जागेवर राहिला असता. हा ढोलच उलटा फिरला असता. पान्ह्यासकट."

उस्ताद दुसरी काडी शोधत होते. खिशात नव्हती.

"माझी काडी गेली," ते म्हणाले.

सुयोगने चारही बोल्ट एकेक करून काढले, ढोल साखळीला घेऊन उतरवला.   

शेजारी दुसरा ढोल होता. त्याच्या व्हॉल्व्हचंही काम होतं. सुयोगने त्याची हवा काढली. खस्सकन आवाज झाला, काटा सरळ मिटलेल्यावर गेला. नळी काढली. कुलूप लावलं. गेज शून्य.

"हवा नाही," उस्ताद म्हणाले. "काटा मिटलेला. काढ आता."

सुयोगने पान्हा उचलला नाही.

"काढ की. जेवायची वेळ झाली."

सुयोग काट्याकडे बघत होता.

"उस्ताद..."

"काय?"

"हा काटा तरी खरा कशावरून?"

...

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मग छपराकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"काटा प्लास्टिकचा," सुयोग म्हणाला. "एका स्क्रूवर बसवलेला. कोणी साफ करताना काढला असेल, उलटा लावला असेल."

त्याने स्क्रू सोडवला. पिवळा काटा उचलून बाजूला ठेवला. खाली त्या दांड्याचं, शाफ्टचं, डोकं असतं, त्यावर खाच. खाच पाइपच्या दिशेने असली तर व्हॉल्व्ह उघडा, आडवी असली तर मिटलेला. शाफ्ट खोटं बोलत नाही.

खाच आडवी होती.

"काटा खरा हाय का?" उस्तादांनी विचारलं.

"खरा आहे."

"मग उगाच वेळ घालवलास."

"होय," सुयोग म्हणाला.

"भूक लागलीय मला."

"होय."

"पुढच्या ढोलालाही असाच घालवणार?"

"होय, उस्ताद."

उस्तादांनी तळहात पुढे केला. सुयोगने खिशातली किल्ली काढली.

"किल्ली नको. पेन दे."

वही फिटरांच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेली असायची. उस्ताद स्वतः जाऊन घेऊन आले. बादलीवर बसले, वही गुडघ्यावर ठेवली. सही करायला त्यांना वेळ लागायचा. एकेक अक्षर थांबून, दाबून. पानाच्या मागे उमटायचं.

सुयोगने पेन काढताना खिशातून घडी केलेला कागदही बाहेर आला होता. कागद हातात धरून तो तसाच उभा होता. मग त्याने त्या कागदाला हातांचं ग्रीस पुसलं. एकेक बोट, नीट. बोळा करून कचऱ्याच्या पिंपात टाकला.

अर्धी काडी मात्र खिशात ठेवली.

जेवणाचा भोंगा झाला. आम्ही तिघे पंपाच्या कट्ट्यावर बसलो. उस्तादांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि वांगं होतं. त्यांनी वांगं सुयोगच्या भाकरीवर वाढलं. तो नको म्हणाला नाही.



जेवण उरकताना सुयोग म्हणाला, "उस्ताद, मी बोल्ट ढिला केलाच असता तर?"

उस्तादांनी डबा धुतला. फडक्याने आतून पुसला, बाहेरून पुसला. सुयोगपुढे पालथा ठेवला.

सुयोग उठला नाही.

उस्तादांनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले.

"वाजव," ते म्हणाले. "दहाही बोटांनी वाजव."