मांत्रिकाचा विटलेला शेला

एका राज्यात शूलपाणी नावाचा राजा होता आणि त्याचा उजवा हात दगडाचा होता. तरुणपणी त्याने पुराव्यावाचून एकाला दगड करून वेशीवर उभे केले, त्याचा हा शाप. असा मोह पुन्हा होईल आणि तो आवरशील तेव्हाच सुटशील, असे त्याला बजावलेले.

तिथे सौदा मैनेसमोर होई. दोघांनी तिला गूळभात भरवायचा, ती बोलणे ध्यानात ठेवी. पण वर्षाकाठी पिसे झडली की आठवणही झडे. म्हणून फसलेल्याने पिसे झडण्याआधी तोंड उघडावे, अशी रीत.

आणि हा कालकेतू पाहा! दरबारचा मांत्रिक, राजाचा जिवलग. चित्रांगी रंगारणीने न विटणारा म्हणून विटका शेला विकला, असे सांगत आला तो एक तप उलटल्यावर!

"हिला दगड करा, महाराज!"

दरबारात उभी चित्रांगी आठवू लागली. त्या साली रंगात मंजिष्ठ कमी पडली होती का? तिलाच आठवेना.

राजा म्हणाला, "तीन गोष्टी आण. शेला, साक्षीची मैना आणि उशिराचे कारण."

मांत्रिक वाऱ्यावर बसून गेला आणि मैना घेऊन आला.

"शेला?"

"उंदरांनी खाल्ला."

मैना म्हणाली, "कसला शेला? गूळभात मात्र झकास होता हो!"

दरबार खो खो हसला.

"आणि कारण?"

"कामात होतो, महाराज."

"तपभर?"

मांत्रिक उसळला, "तिच्यापाशी तरी कुठे पुरावा आहे?"

"महाराज, तेव्हा विचारले असते तर रंग दाखवला असता," चित्रांगी म्हणाली. "आता रंगाचा हंडा फुटला, घरधनी गेले. साक्षीला कुणाला बोलावू?"

राजाने डोळे मिटले. जिवलगाचा शब्द मोडायचा म्हणजे अगदी जिवावर येते.

"दोष सिद्ध करणे फिर्यादीचे काम. ते झाले नाही. बाई, तू मोकळी."

कडाड्! दगड तडकला, आतून गुलाबी बोटे निघाली. राजाने आधी पोटभर नाक खाजवले. वेशीवरचा दगडी माणूसही जांभई देत घरी गेला.

चित्रांगीचा जीव भांड्यात पडला. निघताना ती मांत्रिकापाशी थांबली.

"शेला खरेच विटला होता?"

"पहिल्याच धुण्यात," तो खाली मान घालून म्हणाला. "मांत्रिक फसला म्हणून लोक हसतील, असे वाटले."

"अहो, मग गुपचूप माझ्याकडे यायचे! फुकट रंगवून दिला असता."