पाठीमागचा हात

“चक्करच आहे ना, मॅडम? मग घरी सोडायला हरकत काय?”

हर्षद डॉक्टरनं हे विचारलं तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी त्याच्या हातात तयारच होती. नवी कोरी पदवी, कडक इस्त्रीचा कोट, आणि विचारण्यातही सांगण्याचाच सूर.

समोर खाटेवर गौराबाई. बुरूड आळीत सुपं विणणारी. डोळे घट्ट मिटलेले, उशाशी ओकारीचं घमेलं. सून मंदा मागं बसून तिची पाठ छातीशी धरून होती.

मोठ्या डॉक्टर इंगळेबाईंनी खुर्ची ओढली. निम्मा तालुका त्यांच्या हातून बरा झालेला, पण बोलणं मोजकं.

“कधीपासून गं?”

“दुपारचा कारखान्याचा भोंगा झाला, अन् आत्याबाई म्हनल्या, मंदे, घर फिरतंय. तवापासनं थांबलंच न्हाई बघा.”

“आजचाच भोंगा?”

“आजचाच की.”

“तू काय काय पाहिलंस, हर्षद?”

हर्षदची छाती फुगली. “सगळं, मॅडम. हातापायांत ताकद आहे, बोलणं स्पष्ट, तोंड वाकडं नाही. डोक्याचा सीटी स्कॅन स्वच्छ. माझ्या नाकाकडे बघायला लावून मानही झटकन वळवली. नजर तसूभर हलली नाही.”

“हलली नाही...”

“ठणठणीत!”

“जग गरगर फिरतंय, आणि नजर ठणठणीत?” बाई म्हणाल्या. “कानाची चक्कर असती तर मान वळवताना नजर नाकावरून सुटली असती रे. मग मीच हिला घरी धाडलं असतं.”

वाचलं होतं हर्षदनं हे कधीतरी. पण ठणठणीत दिसलं की मन लगेच खूश होऊन बसतं.

“पण स्कॅन, मॅडम...”

बाई मंदाकडे वळल्या.

“सासू कशाला टेकून सुपं विणते गं?”

रडवेल्या मंदाला हसू फुटलं. “टेकून? टेकून कुठं सूप विनतात व्हय? हात गुंतल्याले, पायाच्या अंगठ्यात बांबूची कांबी. दिसभर मधोमध ताठ बसत्यात, देवीवानी.”

“मग तुझा हात काढ.”

“पडतील की!”

“मी आहे. काढ.”

मंदानं हात काढला.

गौराबाई कलली... थप्पीवरून पोतं घसरावं तशी, सरळ डावीकडे. इंगळेबाईंनी तिला अलगद झेललं.

...

हर्षदच्या हातातली चिठ्ठी मुठीत चुरगळली.

“मेंदूच्या मागच्या भागात... झटका?” आवाज एकदम खाली आला.

“स्कॅनमध्ये तो इतक्यात दिसायचा नाही. पण रक्तस्राव नाही, हे त्यानंच सांगितलंय. भोंग्यापासून मोजलं तरी वेळ अजून आपल्या हातात आहे. पळ!”

हर्षद पळाला. कोटाची इस्त्री गेली, तोऱ्याचं तर नावच नको. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्यानं स्वतः आणलं, आणि मग खाटेपाशी असा बसला की जणू त्याचीच आई आजारी.

दिवेलागणीला गौराबाईनं डोळे उघडले.

“मंदे... घर थांबलं गं.”

मंदा ओक्साबोक्शी रडली. हर्षदनं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि तिथंच मूठ आवळून हवेत उडवली.

पुढं काही आठवड्यांनी दवाखान्याच्या दारात गौराबाई हजर. स्वतःच्या पायांनी. काखेत अर्धं विणलेलं सूप, गालात पान. रिकाम्या बाकाकडे तिनं बघितलंही नाही. मधोमध फरशीवर बसली, कांबी अंगठ्यात धरली आणि विणायलाच लागली.

“बगा की डाक्टर! कुटं कलतीया का म्हातारी?”

सगळी रांग हसली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सुपाची कड बांधून झाली. गौराबाई उठू लागली. हर्षद लगबगीनं पुढं झाला आणि त्यानं तिच्या पाठीमागे हात धरला.

इंगळेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“हर्षद... हात काढ.”