राजा धवलसेनाच्या तीन चाळण्या

एका राज्यात गव्हाचे पीठ तीन चाळण्यांतून चाळीत असत. पहिली तांब्याच्या तारेची, दुसरी घोड्याच्या केसांची, तिसरी रेशमाची. पोळी जितकी पांढरी तितके घराणे थोर, असा तिथला समज होता. आणि राजा धवलसेनाकडची पोळी अशी पांढरी असे की तिच्याखालचे चांदीचे ताट मळकट दिसे. हे पीठ तुंगाबाई चाळी. तीस वर्षांत तिच्या हातून कोंड्याचा एक कण राजाच्या मुखी गेला नव्हता.

त्या दिवशी सकाळी दूध उतू गेले होते, आचारी एकमेकांवर ओरडत होते, तुंगाबाई रेशमी चाळणी झटकीत होती. तेवढ्यात दासी दारात आली आणि म्हणाली, "केतकीबाईसाहेबांचे पोट दगडाचे झाले."

दोन वर्षांपूर्वी राणीसाहेबांचे असेच झाले होते, आणि नवव्या दिवशी त्या गेल्या. केतकी त्यांची एकुलती एक लेक, आठ वर्षांची. तुंगाबाईने आत जाऊन तिच्या पोटावर बोट वाजवून पाहिले. देवळाच्या पायरीवर वाजवावे तसा आवाज आला.

आजाऱ्याला हलके अन्न द्यावे, एवढेच तुंगाबाईला ठाऊक होते. ती परत आली आणि राजकन्येसाठी पीठ चौथ्यांदा चाळू लागली. राणीसाहेबांसाठीही तिने तेच केले होते.

"आणखी चाळ," अंगणातून कोणी म्हणाले. "म्हणजे नऊ दिवससुद्धा लागायचे नाहीत."

फेकलेल्या कोंड्यावर एक साळुंकी बसली होती.

"मी रोज इथे जेवते, बाई. या राजवाड्यात पोट हलके असलेले कोण? एक मी, दुसरे तबेल्यातले घोडे. तुझ्या राजाच्या आजोबांनी दारी आलेल्या मायाविनीच्या झोळीत कोंडा ओतला आणि हसले. तिने तो खाल्ला आणि म्हणाली, जे टाकता त्याच्यावाचून तुमच्या घराचे पोट दगड होईल."

"उतारा सांग."

"तीन कामे. पहिले, आज रेशमी चाळणी मोड. तीन दिवसांनी केसांची. एकदम दोन्ही मोडशील तर दगडाचा नगारा होईल. घासामागे पाणी पाज. कोंड्याला तहान फार. दुसरे, दोडक्याच्या शिरा, माठाचे देठ, मुगाची साल, जे टाकतेस ते ताटात वाढ."

"आणि तिसरे?"

"कोंडा राजाने आपल्या तोंडाने मागितला पाहिजे."

तुंगाबाईने रेशमी चाळणी गुडघ्यावर मोडली. रेशमाचे पतंग झाले आणि पंख फडफडवीत खिडकीतून उडून गेले. ती कणीक भिजवायला बसली.

"मावशी, ही पोळी मळकी आहे," केतकी म्हणाली.

"मळकी नाही, बाईसाहेब. गव्हाचा रंगच असा असतो. खा आणि पाणी प्या."

"आणखी पाणी? मी काय रांजण आहे?"

चौथ्या दिवशी केसांची चाळणी मोडली. केसांची एक पांढरी घोडी झाली, हौदावर पाणी प्याली आणि निघून गेली. केतकीचे पोट आता ओल्या मातीसारखे लागत होते. बोट थोडे रुतत होते. पण सातव्या दिवशी तिथे पुन्हा दगड होता.

"शाप घराला आहे," साळुंकी म्हणाली. "एकट्या पोरीने खाऊन तो कसा उतरेल? कोणीतरी अजून पांढरे खाते आहे."

कोण, ते तुंगाबाईला ठाऊक होते. राणीसाहेब गेल्यापासून राजा पडद्याआड एकटा जेवत असे. दुसरे काही गिळवत नाही, असे तो म्हणाला, म्हणून बरणीत आधीच चाळून ठेवलेल्या पांढऱ्या पिठाच्या पोळ्या तीच त्याला करून देत होती. तिने बरणी उचलली आणि ओढ्यात रिकामी केली.

दुपारी राजाने ताट पाहिले. "हे काय?"

"पोळी, महाराज."

"पांढरे पीठ कुठे आहे?"

"ओढ्यात. मीच टाकले."

"तुझे डोके जाईल, तुंगाबाई."

"जाईल, महाराज. मग चाळणारे कोणी उरणार नाही. पोळी अशीच होईल."

राजाने ताट बाजूला सारले. पडद्यापलीकडून केतकीची हाक आली, "आबासाहेब, इकडे येऊन जेवा ना! एवढे देठ मला एकटीला संपत नाहीत."

राजा ताट न घेताच उठला. लेकीच्या पलंगाजवळ जमिनीवर बसला आणि खाली पाहत म्हणाला, "तुंगाबाई, कोंड्याची पोळी मला वाढ."

भिंतीवरची तांब्याची चाळणी आपोआप खणखणली. राजाने पहिला घास पुष्कळ चावला. "हिला चव आहे," तो म्हणाला. आजवर हे कोणी सांगितले नाही, याचा त्याला थोडा रागच आला होता.

नवव्या सकाळी केतकी उठली आणि कोणाकडे न पाहता परसाकडे धावली. मागून दासी तांब्या घेऊन धावली. राजा, राजवैद्य, आचारी, पहारेकरी, सगळे सज्जात येऊन उभे राहिले. काही वेळाने ती परत आली, हात धुतले आणि म्हणाली, "भूक लागली."

तुंगाबाईने तिच्या पोटाला हात लावला. पोट पोटासारखे होते.

"नगारा वाजवावा का, महाराज?" राजवैद्याने विचारले.

"नको," राजा म्हणाला. "पाने वाढा."

तेव्हापासून त्या राज्यात पीठ एकदाच चाळतात, तेही खडे काढण्यापुरते. राजा पडद्याआड जेवत नाही. त्याच्या शेजारी केतकी बसते, केतकीच्या शेजारी तुंगाबाई, आणि पाण्याने भरलेला मोठा हंडा मध्ये असतो. पंगतीत राणीसाहेबांचा पाट मांडायचा की नाही, हे मात्र अजून कोणी ठरवलेले नाही.