तीन विसा आणि सातवी गाठ

बांधाखालच्या राज्यात बिळं उदंड होती आणि दोरी थोडी. त्या राज्यात एक चिचुंद्री राहायची, कोंडाई तिचं नाव. तिचा दादला येसू, तिची म्हातारी सासू धोंडाई, आणि तीन पोरं, अजून डोळेही न उघडलेली. राज्याला राजा होता म्हणतात, पण पाहिला कुणी नव्हता. दिसायचे ते त्याचे कारभारी, साळिंदरपंत. अंगभर काटे, आणि प्रत्येक काटा म्हणजे आपली लेखणीच आहे, अशा तोऱ्यात चालायचे.

पाटाला पाणी सुटायच्या दिवसांत चिचुंद्र्यांची पोरं बांधावरच्या बिळांत ठेवायची रीत होती. शिपाई पोरं नेत, बिळाचं तोंड चिखलाने लिंपत, आणि कोणतं बीळ ते आईलाही सांगत नसत. आईच्या मागोमाग साप जातो, म्हणत. बिळं खालून वर मोजलेली होती, आणि पोरं कोणकोणत्या बिळांत आहेत ते अंबाडीच्या एका दोरीत बांधून ठेवलेलं असे. आईला एवढंच कळायचं, की आपली गाठ कितवी. कोंडाईची होती तीन विसा आणि सातवी, म्हणजे सदुसष्टावी.

आता एवढाले आकडे पुरते मांडायला दोरी कुठून आणायची? म्हणून जुन्यांनी युक्ती काढली होती. आकडा बांधायचाच नाही. मागच्या गाठीच्या बिळापासून हे बीळ किती पुढे, तेवढे वेढे गाठीला द्यायचे. तीन वेढे, तीन बिळं पुढे. सगळा बांध असा ओंजळभर दोरीत मावायचा.

दोरी वळायची चिचुंद्र्यांनी, शिपाई सांगतील त्या आकड्यांच्या गाठी मारायच्या धोंडाईने, कुणाची पोरं कुठे ते न कळता, आणि वाचायची फक्त पंतांनी. चिचुंद्रीने वाचली तर दोरी बाटते म्हणे. वळताना चिचुंद्र्यांची बोटं सोलून निघाली, तेव्हा बाटली नव्हती ती!

त्या वर्षी भर दुपारी पाट फुटला. पाणी बांधावर चढू लागलं, एकेक बीळ गिळत. तोंडाचा चिखल विरघळेपर्यंतच काय ती आतल्या पोरांना सवड. साऱ्या आया पंतांच्या अंगणात धावल्या.

पंत काय करत होते? पंत दोरी उलगडत होते. पहिल्या गाठीपासून एकेक वेढा मोजायचा, बेरीज करायची, पुरा आकडा अंगणातल्या वाळूत काट्याने कोरायचा, मग दुसरी गाठ. सगळी दोरी वाळूत उतरल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, हा नेम. कुणी खोकलं की बेरीज चुकायची, आणि पंत सगळं पुसून पहिल्या गाठीपासून पुन्हा धरायचे.

दोन विसा गाठी झाल्या नि अंगण भरलं.

"शिपाई! दुप्पट मोठं अंगण सारवा," पंत म्हणाले. "इथलं सगळं तिकडे उतरून घेऊ, मग पुढचं."

"अहो पंत," कोंडाई म्हणाली, "पाणी अठरा विसा बिळांवर आलंय. माझी गाठ तेवढी बघा. तीन विसा आणि सातवी."

"मधलीच गाठ बघा म्हणते! अगं बये, मागचं धरल्याशिवाय पुढचं कळतं का? बस तिकडे."

"बसते. बुडालेल्या बिळांचे आकडे मात्र सुबक काढा हं, वेलांटी चुकायला नको."

येसूने तिचं शेपूट ओढलं. "गप की. मोठ्यांच्या तोंडी कशाला लागतेस?"

"तू मोठ्यांचं तोंड सांभाळ," कोंडाई कडाडली. "मी माझी पोरं सांभाळते."

मोठं अंगण सारवून झालं. पंत जुन्या अंगणातला पहिला आकडा नव्या अंगणात उतरवू लागले. पाणी एकोणीस विसांवर आलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली धोंडाई, जिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं, ती बोलली.

"कोंडे, दोरीला गोंडे आहेत का गं अजून?"

"त्या झिपऱ्या होय?" पंत हसले. "कापायच्याच आहेत. उगाच नटवलीय दोरी."

"नटवायला मला काय दोरीचं लग्न लावायचं होतं?" म्हातारी म्हणाली. "दर विसाव्या गाठीला एक गोंडा सोडलाय मी. त्या बिळाचा पुरता आकडा आहे त्याच्यात. विसा निराळ्या, सुटे निराळे. इतकी वर्षं दोरी धरलीत, एकदा चाचपला नाहीत?"

पंतांचा चेहरा पडला, पण दोरी सुटेना. त्यांनी काटे फुलवले. "हात लावशील तर याद राख. दोरी बाटेल!"

"बाटू दे," कोंडाई म्हणाली आणि काट्यांत शिरली.

काटे खांद्यात रुतले, पोटाला ओरखडले. तिने दोरी हिसकली नाही, उलगडली नाही, वाळूत काही मांडलं नाही. पंतांच्या मुठीतून जशी लोंबत होती तशीच तिच्यावरून पंजा फिरवला. एक गोंडा सोडला. दुसरा सोडला. तिसरा चाचपला: वीस विसा आणि बारा. तिथून एकेका गाठीचे वेढे, तोंडाने मोठ्यानं म्हणत: तीन, एक, पाच, दोन, नऊ, चार, सहा.

"बावीस विसा आणि दोन!" ती ओरडली, आणि येसू असा पळाला की जन्मात पळाला नसेल.

मधल्या गाठींच्या सहा आयांनी तिच्या तोंडचे वेढे जोडत आपापलं बीळ काढलं आणि त्याही सुटल्या. उरलेल्या पुढे झाल्या. कुणी पहिला गोंडा धरला, कुणी दुसरा, कुणी शेवटाकडून हात घातला. एकाच दोरीवर तीस पंजे फिरले, आणि एकीचाही दुसरीला अडथळा झाला नाही. दोरी होती तशीच राहिली. पंत मूठ आवळून मध्ये उभे होते. कुणी त्यांना मूठ सोडायलाही सांगितलं नाही.

येसूने बिळाचा चिखल फोडला, तेव्हा पाणी एकवीस विसांवर होतं. कोंडाई रक्ताळलेली, धापा टाकत पोचली. आतून ओली, उबदार चिंचीं आली. तिने तोंड वर बांधाच्या माथ्याकडे केलं आणि पाठ बिळाला लावली. थोरल्याने आईच्या शेपटीचं बूड दातांत धरलं. मधलीने थोरल्याचं धरलं. धाकट्याने मधलीचं. तिघांचे डोळे मिटलेले. पुढे काय आहे ते एकालाही ठाऊक नव्हतं, फक्त आपल्या पुढचं कोण, एवढं ठाऊक होतं.

येसू म्हणाला, "मोजून घे गं, तिन्ही आहेत ना?"

कोंडाईने मागे वळून पाहिलं नाही. पाठीला पडलेल्या ओढीवरूनच तिला कळलं होतं. आणि घर पुरतं घेऊन ती चढण चढू लागली.